तिएतोकोने : एका यंत्राच्या नावाची घडण

(ग्रंथालयाच्या वाचक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



अनुवादकाला व्यासपीठावर बोलावले जाते, तेव्हा त्याने मूळ लेखकाविषयी बोलावे अशी साधारणपणे अपेक्षा असते. आज मी ती अपेक्षा पुरी करणार नाही. मी केवळ एका शब्दाविषयी बोलणार आहे, आणि तोही आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ऐकला नसेल असा. प्रस्तुत पुस्तकाच्या अनुवादाचे काम चालू असताना याच एका शब्दापाशी माझी लेखणी तीन दिवस अडून राहिली होती. तो शब्द म्हणजे ‘तिएतोकोने’. फिनलंडच्या भाषेतील हा शब्द, आणि त्याचा अर्थ ‘कॉम्प्युटर’.

अर्थ इतका स्पष्ट असताना अडायचे काय कारण, असे आपण विचाराल. ‘संगणक’ असा तयार शब्द मराठीत आहे. तो लिहावा आणि पुढे जावे. पण मूळ लेखकाने त्या ठिकाणी यंत्राविषयी काही म्हटलेच नव्हते. त्याने यंत्राच्या नावाविषयी म्हटले होते. तेथे ‘संगणक’ लिहिले असते, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या उभे राहिले असते, पण त्याच्या पोटात काही उरले नसते. म्हणून मी कोश आणि व्याकरण हाताशी घेतले आणि शब्दाच्या आत शिरले. तेथे मला जे दिसले, ते आज आपल्यापुढे मांडते.

प्रथम शब्दाची फोड करू. ‘तिएतोकोने’ हा सामासिक शब्द आहे. ‘तिएतो’ आणि ‘कोने’ ही त्याची दोन पदे. ‘कोने’ म्हणजे यंत्र. फिनिश घरांतील आणि कारखान्यांतील कितीतरी वस्तूंच्या नावांना हे पद शेवटी जोडलेले आढळते. ‘पेसुकोने’ म्हणजे धुण्याचे यंत्र, ‘ओम्पेलुकोने’ म्हणजे शिवणयंत्र, ‘लास्कुकोने’ म्हणजे आकडेमोडीचे यंत्र, आणि ‘लेन्तोकोने’ म्हणजे उडण्याचे यंत्र, अर्थात विमान. शाळेत जाणाऱ्या मुलालाही ‘कोने’ शिकवावे लागत नाही; ते त्याच्या कानावर घरातच पडलेले असते.

‘तिएतो’ हे पद मात्र अधिक खोल आहे. ते ‘जाणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. व्युत्पत्तिकार त्या क्रियापदाचे मूळ ‘तिए’ या शब्दात दाखवतात, आणि ‘तिए’ म्हणजे वाट, रस्ता. जाणणे म्हणजे मुळात वाट ठाऊक असणे. अरण्ये, दलदली आणि हजारो सरोवरे यांनी व्यापलेल्या देशात ज्याला वाट ठाऊक आहे, तोच जाणता ठरावा, यात नवल नाही. आपल्याकडेही वाट जाणणाऱ्याला आपण ‘वाटाड्या’ म्हणतो. पण मराठीत तो शब्द रानावनापुरताच राहिला. फिनिशमध्ये त्याच वाटेवरून एका भाषेची सगळी विद्या चालत आली. ‘तिएतो’ म्हणजे ज्ञान किंवा माहिती. ‘तिएदे’ म्हणजे विज्ञान. आणि ‘तिएतॅयॅ’ म्हणजे जाणता पुरुष, मंत्र ठाऊक असलेला द्रष्टा.

फिनिश समासांची एक गंमत मराठीच्या अभ्यासकाला विशेष जाणवेल. त्यांत पूर्वपद कधी मूळ रूपात राहते, तर कधी षष्ठीचा प्रत्यय घेऊन येते. ‘तिएतोकोने’ यात प्रत्यय नाही. आपल्या तत्पुरुषासारखा तो लोप पावला आहे असे म्हणता येईल. परंतु माहितीवर प्रक्रिया करण्याला फिनिश माणूस ‘तिएतोयेनकॅसित्तेल्यु’ म्हणतो. त्यातील ‘तिएतोयेन’ हे षष्ठीचे अनेकवचन आहे, म्हणजे ‘माहित्यांची हाताळणी’. त्यातही ‘कॅसि’ म्हणजे हात, हे लक्षात घ्या. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राला ते ‘प्योल्युनिमुरि’ म्हणतात. ‘धुळीचा शोषक’ असा त्याचा प्रत्ययासह अर्थ. आपण शाळेत ‘युधिष्ठिर’ आणि ‘अग्रेसर’ ही अलुक् तत्पुरुषाची उदाहरणे पाठ केली. आपल्या येथे तो समास थोड्या जुन्या संस्कृत शब्दांत उरला आहे. तेथे तो रोजच्या झाडलोटीत वापरला जातो.

आता ही शब्द घडवण्याची सवय कोठून आली, ते पाहिले पाहिजे. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि त्यानंतर १९१७ पर्यंत रशियाच्या झारच्या अंमलाखाली. न्यायालय, विद्यापीठ आणि कचेरी यांची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही शेतकऱ्याची आणि देवळातील प्रवचनाची भाषा होती. १८३१ मध्ये फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. १८३५ मध्ये एलियास ल्योनरोट या वैद्याने खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या लोकगीतांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले आणि १८४९ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. १८६३ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या फर्मानाने वीस वर्षांच्या आत फिनिशला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचे ठरले.

वीस वर्षे! ज्या भाषेत कायद्याचे, वैद्यकाचे आणि पदार्थविज्ञानाचे शब्दच नव्हते, तिला वीस वर्षांत न्यायालयात उभे राहायचे होते. त्यामुळे शब्द घडवणे हा तेथे पंडितांचा छंद राहिला नाही. ती निकड झाली. ल्योनरोटने स्वतः वैद्यक, वनस्पतिशास्त्र, व्याकरण आणि कायदा यांसाठी पुष्कळ शब्द तयार केले. विजेसाठी ‘सॅह्क्यो’ हा शब्द सामुएल रूस यांनी १८४५ मध्ये सुचवला. त्यात ठिणगी उडण्याची आणि फुत्काराची अशा दोन्ही क्रियापदांची छाया आहे. विजेचा डोळ्यांना आणि कानांना येणारा अनुभव त्यात एकत्र बांधला गेला. तारायंत्राला ‘लेन्नॅतिन’, म्हणजे ‘उडवून पाठवणारे’ असे नाव मिळाले. टेलिफोनला ‘पुहेलिन’, म्हणजे ‘गप्पांचे साधन’. आपल्या ‘शस्त्र’, ‘नेत्र’ या शब्दांतील ‘त्र’ जसा साधन दाखवतो, तसाच तेथील ‘इन’ हा प्रत्यय. १८६२ मध्ये हेलसिंकी ते हॅमेनलिन्ना ही त्या देशातील पहिली आगगाडी सुरू झाली, आणि तिच्या मार्गाला नाव मिळाले ‘राउतातिए’, म्हणजे लोखंडाची वाट. आपल्या ‘लोहमार्गा’शी हा शब्द पदशः जुळतो.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून आपण १९५४ सालाकडे येऊ. त्या वर्षी फिनलंडमध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष रोल्फ नेवानलिन्ना हे जगप्रसिद्ध गणिती होते. देशासाठी इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र बांधणे हे तिचे काम. समितीच्या नावातच यंत्राचे तेव्हाचे नाव होते : ‘मातेमातीक्काकोने’, म्हणजे गणितयंत्र. शेजारच्या स्वीडनमध्ये १९४८ पासून अशाच नावाचे सरकारी मंडळ काम करीत होते, आणि हा शब्द तेथील शब्दाची सरळ छाया होता. जर्मनीतील गॉटिंगेन येथे तयार होत असलेल्या एका यंत्राच्या आराखड्यावरून फिनिश अभियंत्यांनी आपले यंत्र बांधायला घेतले. त्याचे नाव ‘एस्को’. हे तेथील पुरुषाचे नेहमीचे नाव. परंतु येथे ते ‘इलेक्ट्रॉनिक क्रमिक गणक’ अशा अर्थाच्या फिनिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळवले होते, आणि त्या शब्दांत ‘कोम्पुतात्तोरि’ हा परका शब्दच ‘गणक’ म्हणून बसला होता.

एस्को १९६० मध्ये पुरा झाला. परंतु तोवर काळ त्याच्या पुढे निघून गेला होता. १९५८ मध्ये तेथील टपाल बचत बँकेने आयबीएम ६५० हे तयार यंत्र आणले होते आणि त्याचे नाव ‘एन्सि’, म्हणजे ‘पहिले’, असे ठेवले होते. एका बाजूला विद्वानांचे हाताने बांधलेले गणितयंत्र, आणि दुसऱ्या बाजूला बँकेत ठेवीदारांच्या खात्यांचा हिशेब ठेवणारे विकतचे यंत्र. शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीने ही दुसरी घटना अधिक महत्त्वाची आहे, असे मला वाटते. कारण बचत खात्यातील जमा-नावे लिहिणाऱ्या कारकुनाला ‘गणितयंत्र’ हे नाव कसे पटावे? त्याच्या दृष्टीने ते यंत्र समीकरणे सोडवीत नव्हते; ते नोंदी ठेवीत होते, शोधून देत होते, जुळवून दाखवीत होते. सर्वसामान्यांमध्ये ‘विद्युत्-मेंदू’ असाही एक शब्द चालत होता. पण त्यात कुतूहलापेक्षा धास्ती जास्त होती. कचेरीत ज्याच्या शेजारी बसून आठ तास काम करायचे, त्याला कोणी मेंदू म्हणत नाही.

या पोकळीत, १९६० च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत, ‘तिएतोकोने’ हा शब्द रुळला. ‘माहितीची हाताळणी’ हा शब्दप्रयोग त्याच्या जोडीने स्थिर झाला, आणि १९६५ मध्ये तांपेरे येथे या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण झाले, तेव्हा विद्याशाखेचे नावही याच ‘तिएतो’वरून पडले. यंत्र आज काय करते एवढेच पाहून नाव ठेवले, तर यंत्र बदलले की नाव उघडे पडते. ‘गणितयंत्र’ हे नाव असे उघडे पडले. ‘तिएतोकोने’ या नावाने यंत्राच्या कृतीपेक्षा त्याच्यात जे साठते आणि वाहते, त्याच्याकडे बोट दाखवले. म्हणून ते नाव टिकले.

इतर भाषांनी याच यंत्राकडे कसे पाहिले, हे ताडून पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये आयबीएमच्या तेथील शाखेने सोरबॉनमधील लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांना विचारले. त्यांनी १६ एप्रिल १९५५ च्या पत्रात ‘ओर्दिनातर’ हा शब्द सुचवला. जगाला सुव्यवस्था देणाऱ्या ईश्वराचे ते एक जुने विशेषण होते. स्वीडनमध्ये बोर्ये लांगेफोर्श यांनी १९६८ मध्ये ‘मोटर’ आणि ‘ट्रॅक्टर’ यांच्या धर्तीवर ‘दातोर’ हा शब्द सुचवला. आइसलंडमध्ये सिगुर्दुर नोर्दाल यांनी संख्या या अर्थाचा ‘ताला’ आणि भविष्य सांगणारी स्त्री या अर्थाचा ‘व्योल्वा’ हे शब्द एकमेकांत गुंफून ‘त्योल्वा’ घडवला, संख्यांची भविष्यवादिनी! फिनिशची सख्खी बहीण असलेल्या एस्टोनियन भाषेने मोजण्याच्या क्रियापदावरून ‘आर्वुति’ केले. म्हणजे एकाने सुव्यवस्था पाहिली, दुसऱ्याने नोंदी, तिसऱ्याने भविष्यवाणी, चौथ्याने मोजणी. आपल्या ‘संगणका’चे नाते या चौथ्याशी, तमिळ ‘कणिनी’चेही तेच.

येथे मी माझ्या अडचणीकडे परत येते. ‘तिएतो’ या एका शब्दात फिनिश माणूस माहितीही मोजतो आणि ज्ञानही. मराठीला निवड करावी लागते. पहिल्या खर्ड्यात मी ‘ज्ञानयंत्र’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी वाचले, तेव्हा लाज वाटली. ज्या भाषेत ‘ज्ञान’ म्हटले की ज्ञानदेव आठवतात, ज्ञानमार्ग आठवतो, त्या भाषेत हा शब्द यंत्राच्या डोक्यावर मुकुटासारखा बसला. मूळ शब्दात अशी स्तुती नाही. रोज शिवणयंत्र आणि धुण्याचे यंत्र म्हणणारा माणूस ज्या सुरात बोलतो, त्याच सुरातला तो शब्द आहे. मग ‘माहितीयंत्र’ लिहिले. सूर साधला, पण वाट हरवली. मंत्र जाणणारा द्रष्टा आणि बँकेतले यंत्र यांच्यामध्ये फिनिश भाषेत जो एक धागा आहे, तो तुटला.

त्या द्रष्ट्याची एक कथा येथे सांगण्याजोगी आहे. ‘कालेवाला’तील वृद्ध वैनामोइनेन हा ‘तिएतॅयॅ’, जाणता पुरुष. तो मंत्रांच्या बळावर होडी बांधीत असतो. होडी जवळजवळ तयार होते, आणि नेमके तीन शब्द कमी पडतात. हातोडी आहे, लाकूड आहे, कौशल्य आहे. पण शब्द नाहीत म्हणून होडी पाण्यात उतरत नाही. ते शब्द मिळवण्यासाठी तो मृतांच्या देशात जाऊन येतो, आणि अखेर आंतेरो विपुनेन नावाच्या निद्रिस्त महाकायाच्या पोटात शिरून ते घेऊन येतो. मराठीत होडीलाही ‘नाव’ म्हणतात आणि नामालाही ‘नाव’च म्हणतात. शब्दावाचून नाव अडते, हे आपल्या भाषेत दोन्ही अर्थांनी खरे आहे. ज्या समाजाच्या महाकाव्यात अशी कथा आहे, त्याने नव्या यंत्रासाठी शब्द शोधण्याचा कंटाळा केला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तथापि यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, फिनिश भाषा परक्या शब्दाला दाराबाहेरच ठेवते. ‘रादिओ’ आणि ‘तेलेविसिओ’ तिने जसेच्या तसे घेतले. कृत्रिम उपग्रहासाठी ‘तेकोकू’, म्हणजे ‘बनवलेला चंद्र’, असा सुंदर शब्द तयार झाला होता. पण पुढे ‘सातेल्लीत्ती’नेच त्याला मागे टाकले. सुंदर असणे शब्दाला पुरत नाही. आपल्यापैकी जे हिंदी भाषक प्रदेशात राहतात, त्यांनी ‘अभिकलित्र’ हा कॉम्प्युटरसाठीचा शब्द परिभाषेच्या कोशात पाहिला असेल. बाजारात किंवा वर्गात तो कोणाच्या तोंडी ऐकला असेल असे वाटत नाही. तो चुकीचा नव्हता. पण त्याची दोन्ही टोके सामान्य माणसाच्या हाती लागत नव्हती. ‘तिएतोकोने’ची दोन्ही टोके लहान मुलाच्याही हाती लागतात. त्याखेरीज ज्यांच्या हाताखाली ते यंत्र होते, त्यांनीच तो शब्द तोंडी घेतला, आणि एका शब्दामागे एक असे त्याचे गोत वाढले : ‘तिएतोकान्ता’ म्हणजे माहितीचा साठा, ‘तिएतोलीकेन्ने’ म्हणजे माहितीची वाहतूक. एकटा शब्द परदेशी पाहुण्यासारखा असतो. गोतावळा असलेला शब्द घरचा होतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आज यंत्रे लिहितात, उत्तरे देतात, भाषांतरेही करतात. फिनिशमध्ये या कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘तेकोअ‍ॅल्यु’ म्हणतात. त्यातील ‘तेको’ हे पद ‘तेकोहाम्पात’ या शब्दातही आहे, आणि त्याचा अर्थ आहे कवळी, बनवलेले दात! मला हे फार आश्वासक वाटते. कवळी उपयोगाची असते, तिने भाकरी चावता येते. परंतु ते आपले दात आहेत असा भ्रम कोणाला होत नाही. ज्या भाषेत शब्दाचे सांधे दिसतात, तिच्या बोलणाऱ्याला यंत्राविषयी विचार करण्यासाठी एक आधार मिळतो. ‘तिएतोकोने’ म्हणणारा माणूस निदान हा प्रश्न विचारू शकतो, की या यंत्रात ‘तिएतो’ आहे ते कोणत्या अर्थाने? वाट ठाऊक असण्याच्या, की वाटेवरचे दगड मोजून ठेवण्याच्या? ज्याच्या कानाला ‘कॉम्प्युटर’ हा केवळ एक आवाज आहे, त्याला हा प्रश्न शब्दातून सुचत नाही. तो दुसरीकडून शोधून आणावा लागतो. परक्या आवाजाने काम चालते, हे खरे. पण नावातून मिळणारा विचाराचा आधार आपण गमावतो, ही त्याची किंमत आहे, आणि ती आपण जाणून मोजावी, नकळत मोजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटी मी काय केले, ते सांगून थांबते. पुस्तकात इतरत्र सर्व ठिकाणी मी ‘संगणक’ हाच शब्द ठेवला. तो आपला आहे, आणि त्याचे ‘संगणकीय’, ‘संगणकीकरण’ हे गोतही आता वाढले आहे. त्या एका ठिकाणी मात्र ‘तिएतोकोने’ तसाच राहू दिला आणि त्याची दोन पदे वाचकासमोर उलगडून ठेवली. अनुवादकाने कधीकधी दार उघडून बाजूला व्हावे, हेच बरे.

आणखी एक शब्द. आपल्या हाती असलेल्या या पुस्तकासारख्या, कथा-कादंबरी नसलेल्या, माहितीपर ग्रंथाला फिनिशमध्ये ‘तिएतोकिर्या’ म्हणतात. ‘किर्या’ म्हणजे ग्रंथ. पूर्वपद तेच, वाट जाणण्याचे. त्या भाषेत यंत्र आणि ग्रंथ हे एकाच आडनावाचे दोन भाऊ आहेत. त्यांतील थोरला कोण, हे ग्रंथालयात बसलेल्या आपल्यासारख्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.